तांब्याच्या पट्ट्यांना कल्हई

सोलापूरच्या वीज कंपनीत मी ओव्हरसियर म्हणून लागलो तेव्हा मला चोविसावं वर्ष चालू होतं. पुण्याला शिक्षण झालेलं, अंगात नवा खाकी कोट, आणि विजेबद्दल जे कळण्यासारखं आहे ते आपल्याला कळून चुकलं आहे अशी पक्की समजूत. १९३०च्या आसपासची ही गोष्ट. गावात सगळीकडे दिवे पोचले नव्हते. भवानी पेठेत मी ज्या घरी खोली घेतली होती तिथे कंदीलच होता. घरमालकीणबाई मला ‘लाईटवाले’ म्हणायच्या, पण घरात तार ओढून घ्यायला त्यांचा जीव धजत नव्हता.

माझी नेमणूक गिरण्यांच्या बाजूच्या सबस्टेशनवर झाली होती. गावाबाहेरच्या पॉवरहाऊसमधून उच्च दाबाची लाईन तिथे यायची. आतले दोन ट्रान्सफॉर्मर तो दाब खाली उतरवायचे, आणि मग ती वीज तांब्याच्या रुंद पट्ट्यांवरून वाटली जायची. एक वाट एका गिरणीच्या नव्या विभागाला, एक मागांच्या कारखान्यांना, एक रस्त्यावरच्या दिव्यांना. इमारत दगडी, खिडक्या उंच, आणि आत सतत एक घुंऽ असा आवाज. पहिले काही दिवस तो आवाज खोलीवर जेवतानासुद्धा माझ्या कानात असायचा.

आमचे सुपरिंटेंडेंट पारशी गृहस्थ होते. आम्ही सगळे त्यांना मोठे साहेब म्हणायचो. बोलणं थोडं, मराठी मोडकी पण कामापुरती चोख. महिन्याभरात त्यांनी मला बोलावलं आणि दोन कागद समोर ठेवले. पॉवरहाऊसमधून किती वीज निघाली ते एकावर होतं, आमच्याकडून पुढे किती गेली ते दुसऱ्यावर. दोन्हींमध्ये फरक असणारच. तार थोडी वीज खाते, ट्रान्सफॉर्मरचं लोखंड थोडी खातं. पण हा फरक हिशेबापेक्षा बराच मोठा होता, आणि दर महिन्याला वाढत होता.

“वाटेत कुठे जाते ते शोधून काढा,” साहेब म्हणाले. “एंजिनमध्ये तेल आपण जाळतो. वारा गरम करायला नाही जाळत.”

मी कामाला लागलो. पहिला संशय अर्थातच चोरीचा. पंधरा दिवस मी लाईनच्या खालून सायकलवर आणि पायी हिंडलो. कुठे आकडा टाकलेला दिसला नाही. उच्च दाबाच्या लाईनवर आकडा टाकणारा माणूस दुसऱ्या दिवशी जिवंत राहिला नसता हे मला नंतर सुचलं. मग मी मीटरांवर संशय घेतला. ते उतरवून तपासायला पाठवले, तर ठीक निघाले. मग मी वह्या घेऊन बसलो आणि ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या नुकसानीची गणितं मांडली. गणितं बरोबर होती, फक्त त्यांतून काही हाती लागत नव्हतं.

या सगळ्यात माझ्याबरोबर शिडी आणि हत्यारांची पिशवी घेऊन फिरत होते ते आमचे मिस्त्री. वय पन्नाशीचं. अक्कलकोटच्या बाजूचे लिंगायत, घरात कानडी, बाहेर सोलापुरी मराठी. आधी वीस वर्षं एका गिरणीच्या इंजिनघरात फिटर होते, तिथून ते कंपनीत आले होते. लिहिण्यावाचण्यापुरतं त्यांना येत होतं, पण कागदाकडे ते शक्यतो बघत नसत. गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी ते पट्ट्यांजवळ जाण्याआधी सदऱ्याच्या आत सारायचे आणि गुंडी गळ्यापर्यंत लावायचे. रोज, न चुकता. धातू लोंबता ठेवून विजेजवळ जायचं नाही, हा त्यांचा नियम होता. मी कोटाच्या खिशाला घड्याळाची साखळी लावून फिरायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी ती मला काढायला लावली होती आणि मला ते आवडलं नव्हतं.

गणितांची वही मिटून मी एका दुपारी कपाळ धरून बसलो होतो. मिस्त्री दारात उभे होते. त्यांनी मला आत बोलावलं आणि पट्ट्यांच्या मागची भिंत दाखवली. दिवाळीत भिंतीला चुना दिलेला होता. सगळीकडे पांढरा, पण तीनचार ठिकाणी त्यावर तपकिरी डाग पडले होते. फोडणी करपल्यावर चुलीवरच्या भिंतीला पडतात तसे.

“डाग कसले?” मी विचारलं.

“रावसाब, डागाच्या खाली काय हाय ते बघा की.”

मी बघितलं. प्रत्येक डागाच्या बरोबर खाली पट्ट्यांचा एकेक जोड होता. जिथे एक पट्टी संपते, दुसरी तिच्यावर चढते आणि दोन्ही बोल्टांनी आवळलेल्या असतात, तो जोड.

मला तेव्हा कळलं. आणि कळल्याबरोबर शरमही वाटली, कारण हे पुस्तकात होतं. जोड ढिला किंवा मळका असला की वीज तिथे अडते, अडली की तापते, तापली की तांबं काळं पडतं आणि काळं पडलं की ती आणखी अडते. मी परीक्षेत हे लिहून मार्क मिळवले होते. पण एवढे दिवस त्याच खोलीत ये-जा करून भिंतीकडे मान वर करून बघितलं नव्हतं.

मी विचारलं, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं तर बोलला का नाही? मिस्त्री म्हणाले की डाग त्यांनी पाहिले होते, पण सगळी वीज तिथेच जाते असं छातीठोक सांगता येत नव्हतं. आणि मी गणितं करत होतो. त्यांना वाटलं, गणितातून कदाचित दुसरंच काही निघेल. हे त्यांनी अजिबात टोमणा न मारता सांगितलं.

आता प्रश्न असा होता की कोणता जोड किती तापतो ते शोधायचं कसं. डाग तीनचार, पण जोड पुष्कळ. काही उंचावर, काही जाळीच्या आत उच्च दाबाच्या बाजूला. वीज चालू असताना हात लावायचा प्रश्नच नव्हता, आणि वीज बंद केली की जोड थंड होणार. मी म्हटलं मुंबईहून काही उपकरण मागवावं लागेल. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी जेवणाच्या डब्याच्या फडक्यातून एक छोटी पितळी डबी काढली. आत मेण होतं. त्यांच्या घरच्या मंडळी कपाळाला कुंकू लावण्याआधी जे मेण लावत तेच.

“सुट्टीच्या दिशी बंद करू, परत्येक जोडावर वाटाण्याएवढं चिकटवू,” ते म्हणाले. “मंग चालू करू. तापंल त्याचं वितळंल. बाहेरनं नुसतं बघायचं.”

गिरणीच्या साप्ताहिक सुट्टीला मोठ्या साहेबांनी आम्हाला सकाळपासून दुपारपर्यंत वीज बंद ठेवायची परवानगी दिली. त्या दिवशी मी मिस्त्रींना पहिल्यांदा खरं काम करताना पाहिलं. खटके उघडल्यावर त्यांनी सगळे फ्यूज काढून एका खादीच्या पिशवीत भरले आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली. मग एका साखळीचं एक टोक जमिनीतल्या लोखंडाला जोडलं. मग लांब बांबूने तिचं दुसरं टोक एकेका पट्टीला टेकवलं आणि तिथेच अडकवलं. इतकं झाल्यावर त्यांनी आपला उघडा पंजा एका पट्टीवर ठेवला आणि आम्हाला आत यायला सांगितलं.

“ही पिशवी माझ्या खांद्याला हाय तंवर हितं वीज येत न्हाय. बिनघोर काम करा.”

दुपारपर्यंत पिशवी त्यांच्या खांद्यावरून हलली नाही. भाकरी खाताना नाही, पाणी पिताना नाही. हाताखालच्या एका खलाशाने ती धरायची तयारी दाखवली, तर त्यांनी फक्त मान हलवली. त्यानंतर मी पुष्कळ सबस्टेशनांवर काम केलं, पुष्कळ कुलपं आणि पाट्या पाहिल्या. कशानेही मला त्या पिशवीइतकं निर्धास्त वाटलं नाही.

मेण चिकटवून झालं, वीज चालू झाली. दुसऱ्या दिवशी गिरणी पूर्ण जोरात चालू असताना आम्ही जाळीबाहेरून एकेक जोड बघत गेलो. मी हातात नकाशा धरला होता आणि मिस्त्री सांगतील तिथे खूण करत होतो. डागांच्या खालच्या जोडांचं मेण तर गेलेलंच होतं. पण डाग नसलेले बरेच जोडही कोरडे निघाले, नुसता ओघळ उरलेला. नकाशावर इतक्या खुणा झाल्या की मी मध्येच थांबून मिस्त्रींकडे पाहिलं. तेही गंभीर झाले होते.

पुढच्या सुट्टीला आम्ही त्यांतला सगळ्यात वाईट जोड खोलला. आतून तांबं तव्याच्या बुडासारखं काळं झालं होतं. मी म्हटलं, घासून पुन्हा आवळू. मिस्त्रींनी घासलं, पण आवळलं नाही. त्यांनी हत्यारांच्या पिशवीतून शेंदूर काढला, तेलात कालवला, एका पट्टीच्या तोंडाला पातळ लावला आणि दुसरी तिच्यावर दाबून उचलली. दुसऱ्या पट्टीवर शेंदूर फक्त दोन कोपऱ्यांत लागला होता. बाकीचा भाग कोराच.

दिसायला सपाट दिसणाऱ्या त्या दोन पट्ट्या एकमेकींना फक्त दोन कोपऱ्यांत भेटत होत्या. एवढ्या मोठ्या गिरणीची वीज त्या दोन कोपऱ्यांतून दाटीवाटीने जात होती. मिस्त्री कानस घेऊन खाली बसले. घासायचं, शेंदूर लावायचा, दाबायचं, बघायचं, पुन्हा घासायचं. इंजिनघरात बेअरिंग बसवताना ते हेच करत असत. अर्ध्या तासाने शेंदूर सगळ्या तोंडावर ठिपक्याठिपक्यांनी सारखा उमटला, तेव्हा त्यांनी मला बोट लावून बघायला सांगितलं. मी बोट फिरवलं. मला काहीच वेगळं जाणवलं नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले की बोटाला कळायला दहा वर्षं लागतात, तंवर शेंदूर हायच की.

पण उघडं तांबं तापलं की पुन्हा काळं पडणार, हा प्रश्न होताच. मी पुस्तकात पाहिलं. जोडांच्या तोंडांना कथलाचा मुलामा द्यावा असं लिहिलेलं होतं. मोठे साहेब म्हणाले की तसे तयार भाग विलायतेहून मागवले तर सहा महिने जातील. मी ही अडचण मिस्त्रींना सांगितली, तर ते नवल वाटून माझ्याकडे बघत राहिले. कथलाचा मुलामा म्हणजे कल्हई की, ते म्हणाले. कल्हईवाला तर तुमच्याच पेठेत हाय.

खरंच होता. मी रोज त्याच्या भट्टीवरून जात होतो. म्हातारा, मेंदीने रंगवलेली दाढी, बोलणं दखनी. त्याची बायको भाता चालवायची. आम्ही त्यांना चाचा आणि चाची म्हणू लागलो. आम्ही सबस्टेशनच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली त्यांना जागा दिली. त्यांनी खड्डा खणला, भाता बसवला आणि मिस्त्रींनी सपाट केलेल्या पट्ट्या एकामागून एक विस्तवावर धरल्या. चाचांचे डोळे अधू झाले होते. तांबं पुरेसं तापलं की नाही ते चाची सांगायची. ती विस्तवावरून नजर न हलवता “बस” म्हणायची, आणि त्याच क्षणी चाचा नवसागराची पूड टाकून, कथील टेकवून, कापसाच्या बोळ्याने एका फटक्यात फिरवायचे. काळपट तांब्यावर चांदीसारखा रंग पसरत जायचा. आम्ही सगळे काम सोडून बघत उभे राहायचो. मोठे साहेबसुद्धा एकदा येऊन पाच मिनिटं उभे राहिले.

त्याच दिवशी चाचीने मला एक प्रश्न विचारला. तो मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतो.

“बर्तन तो रोज धुलते, साब. इसकू कौन धोता?”

मी म्हटलं, याला धुवायचं नाही, इथे पाणी लावायचंच नसतं. ती म्हणाली, मग नवसागर आत राहील. मी हसून म्हटलं की नुसती फडक्याने पुसली की झालं. ती भात्याकडे वळली. मला गडबड होती. सुट्टी संपायच्या आत पट्ट्या जागेवर बसवायच्या होत्या.

सगळे वाईट जोड दुरुस्त व्हायला पाच सुट्ट्या लागल्या. पुन्हा मेण लावलं. या वेळी गिरणी दिवसभर चालली तरी जवळपास सगळे वाटाणे जसेच्या तसे. साहेबांच्या दोन कागदांमधला फरक पहिल्याच महिन्यात दिसण्यासारखा कमी झाला. साहेबांनी मला अहवाल लिहायला सांगितलं. मी चार पानांचा इंग्रजी अहवाल लिहिला. त्यात ‘माझ्या तपासात आढळले’ आणि ‘मी असे ठरवले’ अशी वाक्यं होती. मिस्त्रींचा उल्लेख एकदा आला, तोही ‘स्थानिक कामगारांच्या मदतीने’ या शब्दांत.

श्रावण संपत आला. त्या वर्षी पाऊस सोलापूरच्या मानाने बरा झाला होता आणि हवेत ओल होती. एके सकाळी मी कामावर पोचलो, तर मिस्त्री दारातच माझी वाट बघत होते. त्यांनी मला एक जोड दाखवला. पट्ट्यांच्या फटीतून हिरवा थर बाहेर आला होता, पितळेच्या भांड्यात ताक राहिल्यावर येतो तसा. वरचं मेण वितळून गेलं होतं. दुसरा जोड तसाच. तिसराही.

नवसागराने तांबं खाल्लं होतं. चाचीने विचारलं होतं त्याचं उत्तर समोर होतं.

मी खुर्चीवर बसलो. माझा अहवाल मुंबईच्या मुख्य कचेरीत पोचलेला होता. पहिला विचार माझ्या मनात कोणता आला ते लिहायला आजही संकोच वाटतो. कल्हईवाल्याने हलकं कथील वापरलं असं सांगता येईल, हा तो विचार. कोणी शंका घेतली नसती. मिस्त्री माझ्याकडे बघत होते. माझ्या मनातलं त्यांना कळलं की नाही ते मला माहीत नाही. ते एवढंच म्हणाले,

“म्हातारी इचारत हुती तवा मीबी हितंच हुतो, रावसाब. मलाबी सुचलं न्हाय. साहेबास्नी सांगताना आपल्या दोगांचं नाव सांगा.”

त्यांना बोलण्याची काही गरज नव्हती. निर्णय माझा होता, हसून उडवून लावलं होतं ते मी. आणि हा माणूस, ज्याचं नाव मी अहवालात घातलं नव्हतं, चुकीत मात्र आपलं नाव घालायला सांगत होता. मी उठलो आणि तसाच साहेबांकडे गेलो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मी चाचीच्या प्रश्नाचं सांगितलं आणि मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. अहवाल कसा लिहिला तेही बोलून गेलो. रागावतील असं वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत.

“त्या बाईला कळलं होतं,” ते म्हणाले. “मग या वेळी तिला विचारून करा.”

मी भवानी पेठेत त्या दोघांच्या घरी गेलो. चाचा भट्टीवर होते, चाची दारात तांदूळ निवडत होती. मी घडलेलं सांगितलं आणि माझं चुकलं म्हटलं. तिने सूप बाजूला ठेवलं. “हमकू मालूम था” वगैरे काही ती बोलली नाही. तिने मला पहिल्यांदा एवढंच विचारलं की त्या जागी तेल चालतं का, पाणी चालत नाही तर. मी म्हटलं, काम झाल्यावर पुसून घेता आलं तर चालेल. मग दोघं आपापसांत बोलली. थोड्या वेळाने चाचांनी सांगितलं की नवसागराऐवजी राळ वापरून पाहता येईल. पत्र्याची भांडी सांधताना काही जण ती वापरतात, ती तांबं खात नाही. पण राळेला आच कमी लागते. आच थोडी जास्त झाली की ती जळून काळी होते आणि कथील धरत नाही.

“आच मैं देखती,” चाची म्हणाली.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. जोड खोलले, हिरवं खरवडलं, पट्ट्या उकळत्या पाण्यात घालून धुतल्या आणि उन्हात दोन दिवस वाळवल्या. मिस्त्रींनी पुन्हा शेंदूर लावून तोंडं सपाट केली. लिंबाच्या झाडाखाली पुन्हा भट्टी पेटली. पहिल्या दोन पट्ट्या बिघडल्या, राळ जळली. तिसऱ्या पट्टीला चाचीने भाता इतक्या हळू चालवला की विस्तव नुसता श्वास घेतल्यासारखा दिसत होता. “बस” ती म्हणाली, आणि चाचांनी बोळा फिरवला. सारखा, पातळ, कुठे डाग नाही. चाचांनी ती पट्टी डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि आमच्या हाती न देता आधी तिच्या हातात दिली. तिने घेतली, उलटीपालटी केली, आणि मिस्त्रींकडे सरकवली. त्या दिवशी आवारात राळेचा धुपासारखा वास दरवळत होता. शेजारच्या गिरणीतल्या तेलुगू बायका भोंग्यानंतर जाताना इथे पूजा आहे का म्हणून विचारून गेल्या.

या वेळी पुसायचं काम मी स्वतः केलं. प्रत्येक तोंड, प्रत्येक बोल्टाचं भोक, राळेचा कणही राहू नये म्हणून. मिस्त्री तपासत. दोनदा त्यांनी मला पट्टी परत दिली.

ती दुरुस्ती टिकली. हिवाळा गेला, उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे दगडी भिंतीलाही हात लावू नये असा, पण जोड शांत राहिले. साहेबांच्या कागदांमधला फरक खाली आला तो खालीच राहिला. तो पूर्णपणे मिटला नव्हता. उरलेला ट्रान्सफॉर्मरचा होता हे आता माझ्या गणितांवरून स्पष्ट दिसत होतं. भार असो वा नसो, जोडलेला ट्रान्सफॉर्मर लोखंड तापवण्यापुरती वीज घेतच राहतो. हे मी मिस्त्रींना समजावून सांगत होतो. ते लक्ष देऊन ऐकत होते. मी मोठ्या सफाईने कागदावर आकृती काढली. त्यांनी आकृती बघितली आणि विचारलं की गिरणीच्या सुट्टीला एकाचंच काम असतं, तर दुसरा कशाला जोडून ठेवतो आपण?

मी पेन्सिल खाली ठेवली. तसा प्रघात होता म्हणून ठेवत होतो. पुढच्या सुट्टीपासून आम्ही एक ट्रान्सफॉर्मर बंद ठेवायला लागलो. त्या दिवशीचा घुंऽ आवाज निम्मा झाला आणि मला पहिल्यांदा त्या खोलीत चिमण्या ऐकू आल्या.

मी साहेबांची परवानगी घेऊन दुसरा अहवाल लिहिला. पहिल्यात काय चुकलं ते आधी लिहिलं. मग मेणाचं, शेंदराचं, राळेचं, आणि प्रत्येक गोष्ट कोणाला सुचली ते नावानिशी. कल्हईवाल्याच्या बायकोचं नाव मला माहीत नव्हतं, ते विचारून घेतलं. तिने आधी सांगायला नको म्हटलं, मग सांगितलं. साहेबांनी वाचून एकही शब्द न बदलता सही केली.

काही महिन्यांनी मुख्य कचेरीतून एक गोरा इंजिनिअर तपासणीला आला. आम्हाला वाटलं, पहिल्या चुकीबद्दल विचारायला आला असणार. त्याने वीज बंद करवून एक जोड खोलायला लावला. मिस्त्रींनी पिशवी खांद्याला अडकवली, डबी सदऱ्यात सारली, साखळी टाकली, पंजा ठेवून दाखवला आणि मगच त्याला आत येऊ दिलं. त्या गोऱ्या साहेबाने हॅट काढून बाजूला ठेवली, गुडघ्यावर बसला आणि उघड्या पट्टीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला. मग त्याने मिस्त्रींकडे बघून काहीतरी विचारलं. मी भाषांतर केलं. हे कोणत्या यंत्रावर सपाट केलं, असा त्याचा प्रश्न होता. मिस्त्रींनी हत्यारांच्या पिशवीतून आपली कानस काढून त्याच्या हातात दिली. मूठ घामाने काळी झालेली, मधोमध झिजलेली. साहेबाने ती दोन्ही हातांनी धरून बघितली आणि तशीच दोन्ही हातांनी परत केली.

त्या भेटीनंतर कंपनीच्या दुसऱ्या एका गावच्या सबस्टेशनवरून मागणी आली. तिथेही असाच फरक पडत होता. पत्रात माझं नाव नव्हतं. मिस्त्रींना पाठवावं, आणि कल्हईच्या दोघांनाही, असं लिहिलं होतं. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण पत्र बरोबर होतं, हेही मला कळत होतं.

ते निघाले त्या सकाळी कंपनीची लॉरी आवारात उभी होती. चाचांनी भाता स्वतः उचलून चढवला. चाची पुढे ड्रायव्हरशेजारी बसायला तयार होईना, आपल्या भात्याजवळच बसेन म्हणाली. मिस्त्री शेवटी चढले. चढण्याआधी त्यांनी आत जोडांची आपली रोजची फेरी मारली आणि येऊन मला सांगितलं की मधल्या रांगेतला खालचा एक जोड आता महिनाभरात बघायला हवा, अजून तापत नाही, पण बोल्ट नवा आहे, सैल पडू शकतो. आणि सुट्टीला बंद केल्यावर फ्यूजची पिशवी कोणाच्या हातात देऊ नका, असंही म्हणाले.

लॉरी गेल्यावर मी आत आलो. कोट काढून खुंटीला टांगला, गळ्याची गुंडी लावली आणि मिस्त्रींची रोजची फेरी, ते जशी घेत तशी, पहिल्या जोडापासून एकेक थांबून बघत, पहिल्यांदाच एकट्याने घेतली. त्यांना जिथे पंधरा मिनिटं लागायची तिथे मला तास लागला.